गोळीबाराची जबाबदारी कोणाची?

पोलिसांच्या गोळीने माणसे मेली की राज्यकर्त्यांच्या तोंडी दोन वाक्ये ठरलेली असतात. पहिले वाक्य असे की, परिस्थिती हाताबाहेर गेल्याने पोलिसांना नाइलाजाने गोळीबार करावा लागला. दुसरे असे की, न्यायालयीन चौकशी होईल आणि दोषी आढळल्यास कोणाचीही गय केली जाणार नाही. पहिल्या वाक्याने निकाल लागून गेलेला असतो. दुसऱ्याने तो अद्याप लागायचा आहे असा देखावा उभा राहतो. महाराष्ट्रात ही वाक्ये इतक्या पक्षांच्या मंत्र्यांनी उच्चारली आहेत की आता त्यांवरून पक्ष ओळखता येत नाही. प्रश्न एखाद्या मंत्र्याच्या स्वभावाचा नाही. संघर्ष शमल्यावर पोलिसांच्या अत्याचारांची जबाबदारी ठरू नये, अशीच व्यवस्थेची रचना आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

मावळचे उदाहरण घ्यावे. ९ ऑगस्ट २०११ रोजी, म्हणजे ऐन क्रांतिदिनी, मावळ तालुक्यातील शेतकरी बऊर गावाजवळ मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर उतरले होते. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळातून पाणी नेण्याच्या योजनेला त्यांचा विरोध होता. नदीतून वाहणारे पाणी काठच्या शेतीला मिळते, नळातून जाणारे मिळत नाही, हे समजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. त्या दिवशी पोलिसांच्या गोळ्यांनी एक स्त्री व दोन पुरुष असे तीन आंदोलक मृत्युमुखी पडले. उभ्या वाहनांच्या काचा पोलीसच फोडीत असल्याची दृश्ये राज्याने दूरचित्रवाणीवर पाहिली. निवृत्त न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड यांचा आयोग नेमला गेला आणि योजनेला स्थगिती मिळाली. परंतु त्या तीन मृत्यूंबद्दल एखाद्या अधिकाऱ्याला न्यायालयाकडून शिक्षा झाली, असे मावळने आजवर पाहिलेले नाही.

राजकारणाची गतीही ध्यानात घेण्यासारखी आहे. गोळीबार झाला तेव्हा काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेस यांचे सरकार होते. आंदोलकांच्या बाजूने उभे राहिलेले भाजप व शिवसेना हे पक्ष २०१४ मध्ये सत्तेवर आले. २०२३ मध्ये तर त्या वेळचे सत्ताधारी आणि त्या वेळचे आंदोलक यांचे वारस एकाच मंत्रिमंडळात बसले आणि त्याच वर्षी शासनाने योजनेवरील स्थगिती उठवली. बारा वर्षांत खुर्च्या बदलल्या, युत्या बदलल्या. बदलला नाही तो एवढाच हिशेब की, गोळी झाडण्याचा आदेश कोणी व कोणत्या अधिकारात दिला याचे उत्तर कोणालाच द्यावे लागू नये.

या प्रकरणाशी चऱ्होलीचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध थेट आहे. इंद्रायणीकाठची चऱ्होली बुद्रुक १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत समाविष्ट झाली. नदीपलीकडची चऱ्होली खुर्द खेड तालुक्यातच राहिली. ज्या महापालिकेच्या नळासाठी मावळात माणसे मारली गेली, त्याच महापालिकेची चऱ्होली नागरिक आहे. म्हणजे एका हाताने ती त्या पाण्याची लाभार्थी आहे. दुसऱ्या हाताने मात्र ती मावळच्याच रांगेत उभी आहे, कारण आता पाळी तिच्या जमिनीची आहे. मे २०२५ मध्ये महापालिकेने सुधारित विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध केले आणि रस्ते व आरक्षणे यांविरुद्ध हरकतींचा पाऊस पडला. त्याच वर्षी फेब्रुवारीत कुदळवाडीची भंगाराची दुकाने आणि लहान कारखाने प्रचंड पोलीस बंदोबस्तात जमीनदोस्त झाले होते. त्या कारवाईच्या कायदेशीरपणाचा वाद बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट उरतेच: जमिनीचा प्रश्न आला की या पट्ट्यात महापालिकेच्या यंत्राबरोबर पोलिसांची गाडी येते. ती गाडी कोणाला उत्तरदायी आहे, हे चऱ्होलीने प्रसंग ओढवण्यापूर्वीच विचारले पाहिजे.

आयोगाचा उपयोग आणि मर्यादा

चौकशी आयोग म्हणजे जबाबदारी नव्हे, हे प्रथम स्पष्ट झाले पाहिजे. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखालील आयोग सत्यशोधन करतो. तो शिक्षा देत नाही, त्याचे निष्कर्ष न्यायालयाला बांधील नसतात आणि शासनालाही नसतात. साक्षीदाराने आयोगापुढे केलेले निवेदन, खोट्या साक्षीचा खटला वगळता, पुढे त्याच्याविरुद्ध वापरताही येत नाही. सरकारने एवढेच करायचे की अहवाल आल्यापासून सहा महिन्यांत तो कार्यवाहीच्या निवेदनासह विधिमंडळापुढे ठेवायचा.

मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींत सुमारे नऊशे माणसे मेली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांनी पाच वर्षे कसून काम केले. मधल्या काळात, जानेवारी १९९६ मध्ये, तत्कालीन युती शासनाने आयोगच गुंडाळला होता. काही महिन्यांनी तो पुन्हा जिवंत करावा लागला. फेब्रुवारी १९९८ मध्ये सादर झालेल्या अहवालात एकतीस पोलिसांवर ठपका होता. युती शासनाने अहवाल विधिमंडळापुढे ठेवला तो त्याचे निष्कर्ष नाकारूनच. पुढच्या वर्षी तो अमलात आणण्याचे आश्वासन देऊन दुसरी आघाडी सत्तेवर आली. परंतु सुलेमान बेकरी प्रकरणात माजी पोलीस आयुक्तांसह काही आरोपी २००३ मध्ये खटला उभा राहण्यापूर्वीच आरोपमुक्त झाले. अहवाल ग्रंथालयात राहिला, ठपका कागदावर राहिला.

याच्या उलट एक उदाहरण आहे आणि ते मुद्दाम सांगितले पाहिजे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेने संतापलेल्या दलित वस्तीवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि दहा माणसे मारली. गुंडेवार आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरवला. वस्तीने पाठपुरावा सोडला नाही. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने गोळीबाराचा आदेश देणाऱ्या उपनिरीक्षकाला जन्मठेप सुनावली. त्यासाठी बारा वर्षे लागली आणि पुढे उच्च न्यायालयाने शिक्षा स्थगित करून त्याला जामीनही दिला. तरीही या निकालाने एक गोष्ट सिद्ध केली: गोळीबार ही दैवी आपत्ती नसून मनुष्यकृत कृती आहे आणि तिचा न्याय फौजदारी न्यायालयात होऊ शकतो. मात्र जे एका वस्तीला बारा वर्षांच्या चिकाटीने अपवाद म्हणून मिळाले, ते सामान्य नियम म्हणून का मिळू नये?

कायद्यातील तीन कुलुपे

याचे उत्तर कायद्याच्या बारीक अक्षरांत आहे. पहिले कुलूप मंजुरीचे. बेकायदा जमाव पांगवताना केलेल्या कृत्याबद्दल पोलीस अधिकाऱ्यावर शासनाच्या मंजुरीवाचून खटला भरता येत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे हे कलम १३२, १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५१ होऊन जसेच्या तसे नांदत आहे. लोकसेवकाला सर्वसाधारण संरक्षण देणाऱ्या कलम २१८ मध्ये १२० दिवसांत निर्णय न झाल्यास मंजुरी मिळाली असे मानण्याची तरतूद नव्याने आली, ही प्रगती मान्य केली पाहिजे. परंतु ज्या शासनाच्या धोरणासाठी गोळी चालते, त्याच शासनाच्या दारात मंजुरीसाठी उभे राहावे लागते, ही मूळ विसंगती कायम आहे.

दुसरे कुलूप मुदतीचे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १६१ नुसार, पोलिसाने कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दलचा खटला सर्वसाधारणपणे सहा महिन्यांत, आणि शासनाची पूर्वमंजुरी असेल तर दोन वर्षांत, दाखल व्हावा लागतो. आता हे आयोगाच्या वेळापत्रकाशी ताडून पाहावे. श्रीकृष्ण आयोगाला पाच वर्षे लागली. म्हणजे आयोगाचा अहवाल हाती येईतो बचावाला मुदतीची ढाल आयती मिळालेली असते. 'आयोगाचा अहवाल येऊ द्या' असे सांगणारा मंत्री वस्तुतः मुदत संपू द्या असेच सांगत असतो, मग ते त्याच्या ध्यानात असो वा नसो.

तिसरे कुलूप तपासाचे. आरोप पोलिसांवर, फिर्याद पोलिसांकडे, पंचनामा पोलिसांचा आणि पुरावा जपणारेही पोलीस! परभणीत १० डिसेंबर २०२४ रोजी संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि पाठोपाठ धरपकड झाली. पकडलेल्यांपैकी कायद्याचे शिक्षण घेणारा एक दलित तरुण १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. शासनाने विधिमंडळात पोलिसांच्या मारहाणीचा इन्कार केला. संबंधित पोलिसांवर गुन्हा नोंदवा, एवढा साधा आदेश मिळवण्यासाठी त्याच्या आईला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जावे लागले. ४ जुलै २०२५ रोजी तो आदेश झाला, तर राज्य शासन त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे त्याच महिन्याच्या अखेरीस त्याला नकार मिळाला. शिक्षा दूरच, नुसती नोंद होण्यासाठी सात महिने आणि दोन न्यायालये!

सुधारणा कोणती झाली?

पोलीस सुधारणेची मागणी नवी नाही. आणीबाणीच्या अनुभवानंतर १९७७ मध्ये जनता सरकारने धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला. त्याच्या आठ अहवालांवर धूळ साचल्यावर निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंग सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २२ सप्टेंबर २००६ रोजी न्यायालयाने सात निर्देश दिले. त्यांतील एक जिल्हा व राज्य पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणे स्थापन करण्याचा होता. त्यांच्या शिफारशी बंधनकारक असाव्यात, असेही न्यायालयाने म्हटले. महाराष्ट्राने २०१४ मध्ये अधिनियमात दुरुस्ती केली, पण जिल्ह्याऐवजी विभाग धरला आणि अहवाल नाकारण्याची वाट शासनासाठी राखून ठेवली. आणखी एक उणीव न्यायालयाच्या यादीतच आहे. तिच्यात कोठडीतील मृत्यू, कोठडीतील गंभीर दुखापत आणि कोठडीतील बलात्कार स्पष्ट शब्दांत आहेत. भर रस्त्यावर पोलिसांच्या गोळीने आलेला मृत्यू तितक्या स्पष्टपणे नाही.

मग मावळनंतर या पट्ट्यात सुधारणा झालीच नाही काय? झाली. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडसाठी स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आले. पुणे शहराकडून दिघी, भोसरी, चिखली, निगडी. ग्रामीणकडून देहूरोड, तळेगाव, आळंदी, चाकण अशी ठाणी त्याला जोडली गेली. लोकसंख्या आणि कारखानदारी पाहता मनुष्यबळ वाढवणे गैर नव्हते. परंतु आयुक्तालय म्हणजे केवळ जादा शिपाई नव्हेत. जिल्ह्यात जमावबंदीचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्याकडे असतो आणि बळाचा वापर पोलीस करतात. निदान कागदावर तरी दोन खाती एकमेकांवर नजर ठेवतात. आयुक्तालयात हे दोन्ही अधिकार एकाच कचेरीत येतात. सभा बेकायदा ठरवणारा तोच आणि ती पांगवणाराही तोच. तीन माणसे मारली गेल्यानंतर सात वर्षांनी या भूमीला जी सुधारणा मिळाली, ती अशी की पोलिसांचे अधिकार वाढले आणि त्या प्रमाणात उत्तरदायित्व वाढले नाही.

याचा प्रत्यय चऱ्होलीच्या शेजारीच आला. ११ जून २०२३ रोजी आळंदीत ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीच्या प्रस्थानाच्या वेळी पोलीस आणि वारकरी यांच्यात संघर्ष झाला. लाठीमार झाला, असा आरोप झाला. नाही, किरकोळ झटापट झाली, असे गृहमंत्र्यांनी सांगितले. दोहोंपैकी खरे काय? निर्णय देणारी स्वतंत्र संस्था जागेवर नव्हती; ज्या दलावर आरोप, त्या दलाचा खुलासा हेच शेवटचे वचन ठरले. ज्या पालखीच्या वाटेवर चऱ्होलीच्या वडमुखवाडीतील थोरल्या पादुका आहेत, त्या वाटेवरच्या निःशस्त्र वारकऱ्याच्या तक्रारीची ही गत असेल, तर जमिनीसाठी रस्त्यावर उतरलेल्या शेतकऱ्याने किंवा वेतनासाठी दाराबाहेर बसलेल्या चाकणच्या कंत्राटी कामगाराने काय आशा धरावी?

मनोधैर्याचा युक्तिवाद

अशा मागणीला एक ठराविक उत्तर मिळते: पोलिसांचे मनोधैर्य खचेल. ३० जुलै २०१८ रोजी मराठा आरक्षणाच्या आंदोलनात चाकणला बसगाड्या जाळल्या गेल्या, पोलीस जखमी झाले. अशा जमावापुढे पोलिसांनी हात बांधून उभे राहावे काय? नाही, राहू नये. जाळपोळ करणाऱ्यावर खटला झालाच पाहिजे आणि जखमी शिपायाला न्याय मिळालाच पाहिजे. पण चाकणला हजारोंच्या जमावावर गुन्हे नोंदवण्यास विलंब लागला नाही, हेही पाहावे. नागरिकाविरुद्ध कायदा ज्या वेगाने धावतो, त्याच्या निम्म्या वेगाने तो पोलिसाविरुद्ध चालावा, इतकीच ही मागणी आहे.

शिवाय मनोधैर्य कोणाचे? बंदोबस्तातला शिपाई बहुधा शेतकऱ्याचा किंवा मजुराचाच मुलगा असतो. त्याला कामाचे निश्चित तास नाहीत आणि १९६६ च्या केंद्रीय कायद्याने त्याचा संघटनेचा हक्क जवळजवळ संपवला आहे. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या पोलिसांनी असंतोष व्यक्त केला, तेव्हा त्यांच्या संघटनेची मान्यता काढून घेण्यात आली आणि लष्कर व निमलष्करी दले रस्त्यावर आली. जो शिपाई वरिष्ठाच्या बेकायदा आदेशाला नकार देऊ शकत नाही, त्यालाच पुढे करून वरिष्ठ आणि मंत्री निसटतात. उत्तरदायित्वाची साखळी आदेश देणाऱ्यापर्यंत पोहोचली, तर शिपायाचे मनोधैर्य खचणार नाही; उलट तो मोकळा श्वास घेईल.

या अनुत्तरदायित्वाची एक आर्थिक बाजूही आहे. गोळीबारानंतर नुकसानभरपाई दिली जाते ती सरकारी तिजोरीतून, म्हणजे ज्यांच्यावर गोळी चालली त्यांनीही भरलेल्या करांतून. योजना रेटणाऱ्या मंत्र्याला आणि आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला त्याची कवडीही पडत नाही. ज्या कृतीची किंमत करणाऱ्याला मोजावी लागत नाही, ती कृती वाढतच जाते, हा बाजाराचा प्राथमिक नियम आहे. वाटाघाटीला वेळ लागतो, योग्य मोबदल्याला पैसा लागतो. बंदूक त्या मानाने स्वस्त पडते. पाणी आणि जमीन स्वस्तात मिळवून उभ्या राहणाऱ्या विकासाला हे अदृश्य अनुदान आहे आणि ते मावळ, खेड, हवेलीचा शेतकरी आपल्या जिवाने देत आला आहे.

हे बदलता येत नाही असे नाही. उत्तर आयर्लंडमध्ये ३० जानेवारी १९७२ रोजी डेरी शहरात ब्रिटिश सैन्याने निःशस्त्र मोर्चावर गोळ्या झाडून तेरा माणसे जागीच मारली. पहिल्या चौकशीने काही आठवड्यांतच सैन्याची पाठराखण केली. मृत निरपराध होते हे सेव्हिल चौकशीच्या अहवालाने मान्य केले ते २०१० मध्ये, अडतीस वर्षांनी. चौकशीवर विसंबणे किती महाग पडते, याचा तोही दाखला आहे. पण तेथे शांतता कराराबरोबर पोलीस दलाची पुनर्रचना झाली आणि २००० पासून स्वतःचे तपास अधिकारी असलेला पोलीस लोकपाल काम करू लागला. पोलिसांच्या कृतीमुळे मृत्यू ओढवला असल्याची शक्यता असेल, तर ते प्रकरण त्याच्याकडे सोपवणे पोलीसप्रमुखाला भाग आहे. सरकारच्या मर्जीची वाट पाहावी लागत नाही.

समाजवादी कसोटी

ही मागणी इतरांकडे करताना समाजवाद्यांनी आपला इतिहास विसरू नये. १९५४ च्या ऑगस्टमध्ये त्रावणकोर-कोचीनमध्ये पट्टम ताणू पिळ्ळै यांच्या प्रजासमाजवादी सरकारच्या पोलिसांनी तमिळ भाषक आंदोलकांवर गोळीबार केला. पक्षाचे सरचिटणीस डॉ. राममनोहर लोहिया तेव्हा उत्तर प्रदेशात तुरुंगात होते. तेथून त्यांनी आपल्याच सरकारने राजीनामा द्यावा आणि न्यायालयीन चौकशी व्हावी, अशी मागणी केली. पक्षाने ती मानली नाही. पुढे पक्ष दुभंगला आणि त्याला अन्य कारणेही होती. लोहियांच्या अन्य भूमिकांवर मतभेद असू शकतात. पण गोळीबार आपल्या सरकारने केला म्हणून तो क्षम्य ठरत नाही, ही कसोटी त्यांनी घालून दिली. मराठी माणसाला तिचे मोल कळावे, कारण संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभराहून अधिक माणसे मारली गेली आणि मुंबईतील गोळीबाराची चौकशी नाकारली गेली. १९५६ मध्ये चिंतामणराव देशमुखांनी केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देताना या नकाराचाही निषेध केला होता. त्या हुतात्म्यांच्या नावावर राज्य मिळाले. त्यांना नाकारलेली चौकशी मात्र त्या राज्याच्या राज्यकर्त्यांनी वारसाहक्काने पुढे चालवली!

म्हणून मागण्या मोजक्या आणि नेमक्या असाव्यात. पोलिसांच्या कृतीतून मृत्यू झाला की चोवीस तासांत गुन्हा नोंदला जावा आणि तपास त्या आयुक्तालयाबाहेरच्या, तक्रार प्राधिकरणाच्या हाताखालील स्वतंत्र अधिकाऱ्यांनी करावा. रस्त्यावरील गोळीबाराचा प्राधिकरणाच्या कक्षेत स्पष्ट उल्लेख व्हावा, त्याचा निर्णय बंधनकारक असावा आणि त्याची कचेरी पिंपरी-चिंचवडमध्ये असावी. मृत्यू व गंभीर दुखापत यांच्या प्रकरणांना कलम १६१ ची मुदत लागू नसावी. गोळीबाराचा प्रत्येक आदेश लेखी नोंदला जावा, मंत्रालयातून आलेल्या सूचनाही त्यात याव्यात. आयोगाचा अहवाल मुदतीत विधिमंडळापुढे आला नाही तर तो आपोआप जाहीर व्हावा, आणि तोही मराठीत.

कायदा बदलेपर्यंत कार्यकर्त्यांच्या हाती काहीच नाही, असे मानण्याचे कारण नाही. चऱ्होलीसारख्या गावात आराखड्यावरील हरकतींची जी कागदपत्रे तयार झाली, त्यांच्या जोडीला एक दप्तर आणखी ठेवता येते. जमावबंदीच्या आदेशाची प्रत, बंदोबस्तावरील अधिकाऱ्यांची नावे, जखमींचे त्याच दिवशीचे वैद्यकीय दाखले, मूळ चित्रफिती, पोलीस ठाण्यातील कॅमेऱ्यांचे चित्रण जपून ठेवण्याची लेखी मागणी आणि माहितीच्या अधिकाराखालील अर्ज या साऱ्यांची तारीखवार नोंद त्यात असावी. सहा महिन्यांची मुदत डोक्यावर असताना आयोगाची वाट पाहत बसू नये. फिर्याद आणि प्राधिकरणाकडील तक्रार पहिल्याच आठवड्यात गेली पाहिजे. घाटकोपरच्या वस्तीला बारा वर्षांनी जो निकाल मिळाला, तो अशा चिकाटीनेच. उद्या इंद्रायणीच्या काठावर बंदोबस्ताची गाडी उभी राहील, तेव्हा तिच्यातील अधिकाऱ्याला एवढे तरी ठाऊक असावे की येथे प्रत्येक आदेशाचा हिशेब ठेवला जात आहे आणि तो मागितला जाणार आहे.